लाल खांद्याचा राघू

राघूच्या पंखाखाली एवढं लाल असतं हे मला तो उडून गेला तेव्हा कळलं. घरात तो नुसता हिरवा दिसायचा. कपाळावर निळी झाक, डोळ्यांभोवती पांढरी उघडी कातडी आणि खांद्यापाशी बोटभर लाल. नात म्हणायची, "आजी, हा साधा पोपट नाही, मकाव आहे. सगळ्यात छोट्या जातीचा." मकाव म्हटलं की मला चित्रातले ते मोठे लाल-निळे पक्षी आठवायचे. हा तर कबुतरापेक्षा थोडासा लांब, तो पण शेपटीमुळे. नातीने त्याला इंग्रजी नाव ठेवलं होतं, ते माझ्या जिभेवर बसलं नाही. मी राघू म्हणायचे. तो ओ द्यायचा, म्हणून तेच राहिलं.

मी अमेरिकेत, नेपरव्हिलला मुलाकडे राहते. मालक गेल्यावर त्याने मला इकडे आणलं. मुलगा ट्रेनने शिकागोला जातो, सून गाडी घेऊन तिच्या ऑफिसात. दोघंही माझं सगळं करतात, तक्रार काही नाही. पण मला चारचौघांत बोलायला जमत नाही, ते पहिल्यापासूनच. मंडळाच्या कार्यक्रमाला नेलं तर मी चपलांजवळची खुर्ची धरते. बायका काकू काकू करत येतात, काहीतरी विचारतात, मी हसते, आणि उत्तर मला घरी आल्यावर भांडी लावताना सुचतं. राघूपुढे तसं होत नसे. त्याच्याशी मी दिवसभर बोलायचे.

तो नातीचा. शाळा बंद होऊन पोरं घरात कोंडली होती तेव्हा तिने हट्ट करून आणला. ती त्याच्याबद्दल सतत काहीबाही वाचायची आणि मला सांगायची, कारण ऐकायला घरात मीच असायचे. एकदा तिने फोनवर मला ते पक्षी त्यांच्या मुलखात दाखवले होते. दक्षिण अमेरिकेत कुठेतरी, पाण्यात उभी असलेली ताडासारखी झाडं. मेलेल्या झाडाच्या पोकळ खोडात त्यांची घरटी. संध्याकाळी थवा परत येतो तेव्हा सगळे एकदम कलकलाट करतात. नात म्हणाली, "दे आर जस्ट चेकिंग, आजी. एक ओरडतो, कुठेस? दुसरा म्हणतो, इथंय. ओ आली नाही तर तो घाबरतो." आमच्या राघूने ती झाडं कधी पाहिली नव्हती. तो अमेरिकेतच कुणाच्या तरी शेडमध्ये, यंत्राच्या उबेत अंड्यातून निघालेला. पण ओरडणं त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. घर शांत झालं की तो कर्कश ओरडायचा, आणि नात ज्या खोलीत असेल तिथून म्हणायची, "इथंय!" की गप्प.

मग ती कॉलेजला गेली, दूर दुसऱ्या राज्यात, बेलव्ह्यूकडे. जाताना रडली ती पिंजऱ्याला धरून. आईबापांचा निरोप तिने हसून घेतला.

ती गेल्यावर राघूने छातीवरची पिसं उपटायला सुरुवात केली. ओरडायचा, थांबायचा, ऐकायचा, पुन्हा ओरडायचा. मी ओट्यापाशी उभी असायचे. शेवटी एक दिवस लाज सोडून मी म्हटलं, "इथंय रे." त्याने मान वाकडी करून बघितलं. आवाज बरोबर नाही हे त्याला कळलं असणार, पण काही नसण्यापेक्षा बरं असं त्यालाही वाटलं असावं. तेव्हापासून मी ओ द्यायचे. पिसं उपटणं कमी झालं, थांबलं नाही.

नात रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायची. आईबापांना, "हो, ऑल गुड, फाइन." मग मला, "आजी, फोन त्याच्यासमोर ठेव आणि तू जा." मी फोन ठेवायचे आणि भिंतीआड उभी राहायचे. ती जीभ टाळूला लावून दोनदा टक टक करायची. राघू ओरडायचा. ती म्हणायची, "इथंय." पुन्हा टक टक. पुन्हा इथंय. कधी कधी तिचा आवाज मधेच फुटायचा आणि बराच वेळ काही ऐकू यायचं नाही, नुसतं नाक ओढणं. सुनेला मी हे एकदा सांगायला गेले होते. ती म्हणाली, "आई, फर्स्ट इयरला सगळ्यांनाच होतं तसं. सवय होईल."

इथल्या घरांत छताला धुराची घंटा असते. फोडणीचा धूर लागला की ती बोंबलते. म्हणून इथल्या आपल्या सगळ्याच बायका मोहरी टाकायच्या आधी मागचं काचेचं दार सरकवून ठेवतात. मीही ठेवायचे. जाळीचं दार मात्र बंद असायचं. त्या दिवशी मी सुक्या मिरच्यांची फोडणी केली आणि मिरच्या जास्त तापल्या. खकाणा उठला, घंटा सुरू झाली. मी हातातलं फडकं घेऊन तिच्याखाली हलवत राहिले, थांबेना. तेव्हा जाळीही सरकवली, धूर लवकर जावा म्हणून. राघू पिंजऱ्याच्या वर बसलेला होता, रोजच बसायचा. त्या घंटेला तो फार भ्यायचा. पण तो उडत नसे. नात त्याच्या पंखांची लांब पिसं कापून आणायची, दुकानात नेऊन. ती गेल्यावर ते काम कुणाच्या ध्यानात राहिलं नाही, आणि पंख कधी पुरे वाढले ते माझ्याही लक्षात आलं नाही.

तो माझ्या कानाजवळून गेला. दारातून बाहेर, अंगणावरून, आणि उन्हात पंख उघडले तेव्हा आतून सगळं लाल. एवढा देखणा तो मला कधीच दिसला नव्हता. मला आठवतं, एक क्षणभर मी बघतच राहिले.

पानगळ संपत आली होती. झाडं उघडी. तो शेजारच्या घरामागच्या उंच झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसला आणि ओरडायला लागला. मी घरातल्या सपातांवर तशीच धावले. खाली उभी राहून म्हटलं, "इथंय रे राघू, इथंय." माझा आवाज माझ्या पदराबाहेर जात नाही असं मालक म्हणायचे. तो वरून ओरडतोय, मी खालून ओ देतेय, आणि ती त्याच्यापर्यंत पोचत नाहीये, हे मला दिसत होतं. मोठ्याने ओरडावं तर आजूबाजूला सगळी घरं, खिडक्या. तोंड उघडायचे आणि पुन्हा मिटायचे.

मुलाला फोन केला. तो मीटिंगमधून बाहेर आला. "अगं आई, जाळी कशाला उघडलीस?" मग लगेच, "बरं बरं, रडू नकोस. येतो मी."

सून आधी आली. तिने नातीच्या खोलीतून त्याचा छोटा पिंजरा आणला, अंगणात ठेवला, डाळिंब सोलून ठेवलं. तिनेही हाका मारल्या. राघू तिच्याकडे बघेही ना. तो घराकडे बघून ओरडायचा, त्या वरच्या खिडकीकडे, जी नातीची.

मी म्हटलं, "तिला फोन लावू या का? तिच्या आवाजाला येईल."

सून म्हणाली, "आई, प्लीज. तिची उद्या मिडटर्म आहे. तिला आत्ता काही कळता कामा नये. शी विल फॉल अपार्ट."

मुलगा आल्यावर त्यानेही तेच सांगितलं. "पेपर होऊ दे. तोपर्यंत सापडेलच की तो. जाणार कुठे?"

संध्याकाळी नातीचा फोन आला. त्याच्या आधीच सुनेने रिकाम्या पिंजऱ्यावर चादर टाकून ठेवली होती. "झोपलाय गं तो. आज जरा लवकर टाकला कपडा."

"सो अर्ली? इज ही सिक?"

"छे गं. थंडी पडलीय ना. तू अभ्यास कर."

"आजी कुठंय?"

मी भिंतीआड होते. सुनेने माझ्याकडे बघितलं. मी पुढे जाऊन हसले आणि मागे झाले. बाहेर अजून थोडा उजेड होता, आणि काचेतून त्याचं ओरडणं बारीक बारीक येत होतं. सुनेने टीव्हीचा आवाज वाढवला.

अंधार झाल्यावर तो गप्प झाला. त्या रात्री पाणी गोठेल एवढी थंडी पडली. मी किती झोपले ते विचारू नये.

सकाळी मागच्या झाडावर तो नव्हता. मुलगा ट्रेनच्या आधी गाडीने दोन-चार गल्ल्या फिरून आला. सुनेने शेजाऱ्यांच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकला आणि ऑफिसला गेली. जाताना म्हणाली, "आई, तुम्ही बाहेर जाऊ नका, घसराल." मी कोट चढवला, डाळिंबाचे दाणे वाटीत घेतले आणि निघाले. आमच्या घरांच्या मागे एक तळं आहे, त्याच्या पलीकडे रेल्वेचे रूळ. तिकडून आवाज आला. एकदाच. पण तोच.

तळ्याच्या काठावर गवतावर गोठलेलं दव पांढरं बसलं होतं. तो काठावरच्याच एका झाडात होता, आता मधे, फांदीला चिकटून, पिसं फुगवून गोळा झालेला. एक पाय आत ओढलेला. मी म्हटलं, "राघू." त्याने मान वळवली पण हलला नाही.

एक अमेरिकन बाई कुत्रा घेऊन फिरत होती. माझ्याएवढीच असेल वयाने. तिने मला झाडाकडे तोंड करून बोलताना बघितलं आणि थांबली. मला फक्त एवढंच आलं: "बर्ड. ग्रीन. होम." तिने वर बघितलं. "ओ माय गॉड," म्हणाली, आणि "व्हॉट्स हिज नेम?" मी सांगितलं, राघू. तिने कुत्र्याचा पट्टा काठावरच्या बाकाला अडकवला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि सगळं तळं दणाणेल अशी हाक मारली, "रागूऽऽ! रागूऽ, स्वीटी, कम डाऊन!" तिचा कुत्रा भुंकायला लागला. राघू आणखी वर चढला. ती सॉरी सॉरी म्हणत राहिली. मला तिची कीव पण आली आणि हेवा पण वाटला. अनोळखी बाईच्या पक्ष्यासाठी ती एवढं ओरडू शकते.

ती गेल्यावर एक शिकारी पक्षी आला. घारीपेक्षा लहान, शेपटीवर पट्टे. समोरच्या खांबावर बसला. राघू फांदीला आणखी चिकटला, एकदाही ओरडला नाही.

मी मुलाला फोन केला. सांगितलं, इथंय तो, तळ्यावर, पण येत नाही, आणि तो बहिरी ससाणा का काय तो बसलाय. मुलगा हळू आवाजात बोलत होता, ऑफिसातच होता. "आई, तू घरी जा आधी. ऐक माझं. आजपासून बर्फ सांगितलंय. मी एका ब्रीडरशी बोललोय. सेम जात, सेम साइज. तो दुसरा देईल. तिला सुट्टी लागेपर्यंत काही कळणार नाही. मग निवांत सांगू."

"दुसरा?"

"सगळे सारखेच दिसतात गं."

माझे मालक दवाखान्यात होते तेव्हा मुलगा इकडेच होता. त्याचं ऑफिसात काहीतरी महत्त्वाचं चाललं होतं. दिरांनी सगळ्यांना बजावलं, त्याला कळवू नका, उगाच घाबरेल, पाहू दोन दिवस. तो आला तेव्हा मालक गेलेले होते, अंगणात मांडव होता. तो कुणावर ओरडला नाही. नुसतं विचारलं, "कुणी ठरवलं?" त्याचा तो चेहरा मी विसरलेले नाही. तो स्वतः विसरला असेल असं मला वाटत नाही. आणि तरी तो फोनवर म्हणत होता, सगळे सारखेच दिसतात.

मी "बरं" म्हणून फोन ठेवला. माझ्या फोनवर नातीने तिचा फोटो लावून दिलाय. तो दाबला की तिला लागतो. मी तो कधी आपणहून दाबलेला नव्हता, तिचीच वाट बघायचे.

ती उचलताना हसत होती. मागे पुष्कळ पोरं, पुस्तकं. "आजी! यू कॉल्ड मी!" मग माझा चेहरा, मागची झाडं. "आजी, तू बाहेर का आहेस? काय झालं?"

मी सांगितलं. मला सुरुवात जमेना, म्हणून मी शेवटच आधी सांगितला. राघू झाडावर आहे. कालपासून.

"कालपासून?" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "बट काल मॉम म्हणाली तो झोपलाय."

मी झाडाकडे बघितलं.

"आजी. तू पण तिथे होतीस."

"होते."

ती रडायला लागली, तिथेच, सगळ्यांसमोर. कुणीतरी तिला काहीतरी विचारलं, तिने हात झटकला. मग नाक पुसलं आणि म्हणाली, "फोन वर धर. फुल व्हॉल्यूम. धर!"

मी दोन्ही हातांनी फोन डोक्यावर धरला. ती पुस्तकांच्या त्या शांत खोलीत जिभेने टक टक करू लागली. टक टक. "इथंय! इथंय!" तिला कुणी बाहेर जायला सांगितलं, ती धावत जिन्यात गेली असावी, आवाज घुमायला लागला. टक टक. इथंय. बोटं थंडीने बधिर झाली होती. खांबावरचा तो पक्षी उडून गेला. आणि झाडातून राघूने ओ दिली. बारीक, घसा बसलेली, पण ओ.

"आजी, ऐकलंस? ऐकलंस? अजून पुढे जा!"

मी गवतातून पुढे गेले. पाय पाण्यात गेला. राघू एक फांदी खाली आला. नात ओरडत होती. तो आणखी एक फांदी उतरला. ही पोपटाची जात उंचावरून खाली उडायला घाबरते, नातीनेच मला सांगितलं होतं. पायाने उतरायचं तर फांद्या संपल्या होत्या. तेवढ्यात फोन बंद पडला. थंडीने. वर धरलेला काळा फोन घेऊन मी तशीच उभी. राघूने हाक मारली, आणि ओ द्यायला कुणी नव्हतं. त्याने पुन्हा हाक मारली. तो मागे वळायला लागला, वरच्या फांदीकडे.

तेव्हा मी ओरडले. माझ्या तोंडून असा आवाज येतो हे मला माहीत नव्हतं. "इथंय रे! इथंय मी, राघू! इथंय!" मला टक टक जमत नाही, तीही केली, वेडीवाकडी. पलीकडच्या घराचं दार उघडलं, कुणीतरी बाहेर येऊन बघत राहिलं. मी ओरडतच होते. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. मालक गेले तेव्हाही मी अशी रडले नव्हते, तेव्हा पदर तोंडात धरला होता.

तो उडाला नाही, पडल्यासारखा आला. पंख उघडले, लाल दिसलं, आणि माझ्यापासून थोड्या अंतरावर पांढऱ्या गवतात आदळला. मी कोट काढून त्याच्यावर टाकला. कोटातून तो मला चावला. चावायची ताकद आहे म्हणून मला बरं वाटलं.

नात जिन्यातच माझ्या फोनची वाट बघत बसली, तिचा पेपर बुडाला. तो तिला पुन्हा देता आला नाही. सून माझ्याशी त्यानंतर कित्येक दिवस कामापुरतंच बोलली. एकदा म्हणाली, "आई, एक दिवस थांबला असतात तर काय झालं असतं?" तिचं म्हणणंही आईचं होतं. मुलगा त्या संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेला बसला होता. ब्रीडरला नाही म्हणून कळवलंय, एवढंच म्हणाला.

राघूच्या डाव्या पायाची दोन बोटं काळी पडून गळाली. पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईने सांगितलं होतं तसंच झालं. तो आता आडव्या दांडीवर एका पायाने अधू बसतो. खातो, डाळिंब घेतो हातातून. छातीवरची पिसं आली नाहीत.

पण तो ओरडत नाही. घर रिकामं झालं, शांत झालं, तरी नाही. नात डिसेंबरच्या सुट्टीत आली तेव्हा बॅग दारातच टाकून त्याच्याकडे गेली. तो तिच्या खांद्यावर चढला, केसात चोच घातली. ती खूश झाली. मग ती नेहमीसारखी दुसऱ्या खोलीत गेली आणि दाराआड उभी राहिली, तो हाक मारेल म्हणून. आम्ही सगळे थांबलो. सूनही हातातलं काम टाकून उभी होती. तो मागच्या काचेच्या दाराकडे बघत बसला. बऱ्याच वेळाने नात आपणहूनच बाहेर आली आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "ही डझन्ट आस्क एनीमोअर," म्हणाली.

ती परत गेली. आता फोडणीच्या आधी मी त्याला माझ्या खोलीत नेऊन दार लावते, मग मोहरी टाकते. काम झालं की आणते. तो दांडीवर बसतो, मी ओट्यापाशी. घरात दुसरं कुणी नसतं. आधी तो हाक मारायचा आणि मी ओ द्यायचे. आता मी हाक मारते. मोठ्याने मारते, आता लाज वाटत नाही. "कुठेस रे?" तो मान वाकडी करून ऐकतो. मी गॅस बारीक करून थांबते. काही येत नाही. मग पुन्हा हाक मारते.